अडुसष्ट पायऱ्या

१

घर कोणी चोरून नेत नाही, असं म्हणतात. आमचं नेलं. शनिवारी सकाळी साडेसातला, टेलिफोनच्या तारेवरून.

मी धापा टाकत चौथ्या मजल्यावर पोचले तेव्हा माझी भाची ओले केस तसेच सोडून जमिनीवर बसली होती आणि घराच्या कागदांची फाइल तिच्या मांडीवर होती. ताई, म्हणजे तिची आई आणि माझी थोरली बहीण, नेहमीप्रमाणे फोनशेजारच्या खुर्चीत होती.

"मावशी, घड्याळवाले घर विकत नाहीत म्हणे," भाची म्हणाली. "आणि सांगतायत कधी, तर आज!"

आज म्हणजे काय, ते सांगायला हवं. उपनगरातलं ते बैठं घर भाचीनं सहा महिने पायपीट करून शोधलं होतं. पुढे फाटक, आणि फाटकापासून दारापर्यंत एकही पायरी नाही. तिच्या लॅबमधल्या मैत्रिणी तिला वेड्यात काढत. शहर सोडून तिकडे काय करणार, तिथे सातनंतर कुत्रंही भुंकत नाही, म्हणत. भाचीचं उत्तर एकच असायचं, "माझ्या आईला जमिनीवर पाय ठेवायचाय."

दोन वर्षांपूर्वी ताई याच इमारतीच्या जिन्यात पडली आणि तिचा खुबा मोडला. इमारतीला लिफ्ट नाही. पायऱ्या अडुसष्ट. मी मोजल्यात, आकडे मोजणं हा माझा जन्माचा रोग आहे. दवाखान्यातून तिला वर आणलं, त्यानंतर ती खाली गेलेली नाही. वॉकर धरून या खोलीतून त्या खोलीत जाते आणि खिडकीतून रस्ता बघते.

घराचा करार आज संध्याकाळी पाचला संपत होता. पाचच्या आत नोंदणी कार्यालयात तिघांच्या सह्या हव्या होत्या: विकणारे घड्याळवाले, आणि घेणाऱ्या भाची नि ताई. नाहीतर करार आपोआप रद्द आणि घर दुसऱ्या गिऱ्हाइकाला मोकळं. ते गिऱ्हाईक टपूनच होतं, त्याला तिथे गोदाम बांधायचं होतं. सह्यांची वेळ साडेचारची होती, आणि ताईला खाली न्यायला तीन वाजता चार हमाल यायचे होते.

"फोन कोणी घेतला?" मी विचारलं.

"मी," ताई म्हणाली. "ही आंघोळीला गेली होती. म्हणाले, दुकान वाढवतोय, मोठं करतोय, त्यासाठी घर लागेल. मशिनं बघायला दोन दिवस बाहेरगावी चाललोय." तिनं पदराशी चाळा केला. "जाऊ दे. नशिबात नव्हतं. आधी त्या हमालांना नको म्हणून कळव बाई. उगाच चार मजले चढतील."

भाचीनं नाक पुसत हमालांना कळवलं. तेवढ्यात टेबलावरचा फोन पुन्हा वाजला. आम्ही तिघी दचकलो. ताईनं उचलला आणि म्हणाली, "चुकीचा नंबर आहे. लाइन मोकळी करते." ताईनं बत्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लांबचे फोन जोडले. त्या काळी तीन मिनिटं भरली की ऑपरेटर मध्येच विचारायची, "तीन मिनिटं झाली, वाढवू?" घरी आमच्या गप्पा रंगल्या की ताई हेच विचारायची, आणि आम्ही "वाढवा, वाढवा" म्हणून ओरडायचो. नोकरी संपली, पण ती भाषा तिच्या तोंडातून गेली नाही.

माझी नोकरी वेगळी होती. मी एकतीस वर्षं विजेचे मीटर वाचले. लोक मला आकडेबाई म्हणत. घरात माणूस सांगायचा, "आम्ही महिनाभर नव्हतोच", आणि मीटर काही भलतंच सांगायचा. मी कायम मीटरचं ऐकलं.

"चप्पल घाल," मी भाचीला म्हटलं. "बाहेरगावी जाणारा माणूस आधी घराला कुलूप लावतो. कुलूप लागायच्या आत गाठू."

२

कुलूप लागलेलं होतं.

साडेदहा वाजले होते. गल्ली इतकी शांत, की भाचीचं नाक ओढणं दोन घरं पलीकडे ऐकू गेलं असतं. तिनं फाटक धरलं आणि आतल्या अंगणाकडे बघत राहिली.

कुंपणापलीकडून कात्रीचा आवाज येत होता, तो थांबला. टोपी घातलेल्या शेजारीणबाई वर आल्या.

"तुम्हीच का त्या शहरातल्या?" त्या म्हणाल्या. "मी सांगितलं होतं त्यांना, माझ्या भावाला द्या घर. ओळखीचा माणूस शेजारी असला की बरं. पण ऐकतील तर शपथ!"

"कुठे गेलेत ते?" मी विचारलं.

"सव्वानवाच्या सुमारास पिशवी घेऊन बसस्टॉपकडे गेले. जाताना ही कात्री मला देऊन गेले बघा. म्हणाले, पुढच्या आठवड्यात लेकीकडे जातोय कायमचा, तिकडे कुंपण नाही." त्यांनी कात्री मिटली. "चांगली कात्री आहे. भाऊ मिळाला असता तर आणखी चांगलं झालं असतं."

बोलण्यात राग होता, पण कात्री मिळाल्याचा आनंदही होता. मी तेवढ्यापुरतं त्यांना बाजूला ठेवलं आणि सवयीनं माझे पाय फाटकाशेजारच्या लोखंडी पेटीकडे वळले. दारावर पाटी वाचावी तशी मी मीटरची पेटी उघडते. चाक थांबलेलं. मेन स्विच खाली. नवं सील. आणि आतल्या खिळ्याला वीज खात्याची चिठ्ठी अडकवलेली.

मी ती वाचली, चष्मा पुसला, आणि पुन्हा वाचली.

"अगं, हे मोठ्यानं वाच."

"अंतिम वाचन," ती वाचू लागली. "जोडणी नवीन मालकाच्या नावे करणे. वाचन मालकांच्या समक्ष. वेळ नऊ वाजून दहा मिनिटं. तारीख..." तिचा आवाज चिरकला. "मावशी, आजची तारीख!"

"साडेसातला घर विकत नाही म्हणणारा माणूस नऊ वाजून दहा मिनिटांनी वीज तुझ्या नावावर करून देतो?"

"मग?"

"मग साडेसातला जे काही बोललं गेलं, ते घड्याळवाल्यांचं नव्हतं," मी म्हटलं. "कोणीतरी त्यांच्या नावावर खपवलंय."

३

दलालाचं ऑफिस बसस्टॉपसमोरच होतं. एक टेबल, एक पंखा आणि भिंतीवर अशा घरांचे फोटो, जी कधीच इतकी पांढरी नसतात. दलाल माणूस गुळगुळीत. आम्हाला पाहून त्याचा चेहरा पडला आणि लगेच सावरला, दोन्ही मला दिसलं.

"रद्द?" तो म्हणाला. "मला कोणी सांगितलं नाही. सकाळपासून दुकानावर फोन लावतोय, आधी कोणी उचलत नव्हतं, आता तर वाजतही नाही."

"गोदामवाले तुम्हाला काय देतायत?" मी सरळ विचारलं.

त्यानं पंख्याकडे पाहिलं. "देतायत. तुमच्यापेक्षा जास्त देतायत, खोटं कशाला बोलू? पाच वाजले की त्यांचा फोन येणारच आहे. पण बाई, मी या गल्लीत राहतो. माझ्या खिडकीसमोर ट्रक उभे राहिलेले मला चालतील का?"

"घड्याळवाले तर म्हणे दुकान वाढवतायत," भाची म्हणाली. "मोठं करतायत. म्हणून घर हवंय."

दलाल हसला. हसता हसता त्याला ठसका लागला.

"दुकान मोठं करतायत? अहो, त्या दुकानाचा गाळा मीच विकून दिलाय! एक तारखेला तिथे झेरॉक्सवाला येतोय. त्यांच्याकडे आता मोठं करायला आहे काय, कपाळ?"

आम्ही दोघी रस्त्यावर आलो. भाची माझ्याकडे बघत होती आणि मी कशाकडेच बघत नव्हते. दुकान विकलेला माणूस दुकान मोठं करत नाही. मग हे कारण आलं कुठून? खोटं बोलणारा माणूस खऱ्याच्या जवळपास राहून बोलतो, हा माझा एकतीस वर्षांचा अनुभव. 'महिनाभर नव्हतो' म्हणणारे दोन दिवस तरी गावाला गेलेले असतात.

"आता कुठे?" भाचीनं विचारलं.

"दुकानावर."

"पण आई म्हणाली, ते बाहेरगावी गेलेत."

"फोनवाला म्हणाला," मी म्हटलं. त्या वेळी माझाही तसाच समज होता.

४

घड्याळाच्या दुकानाचं शटर खाली ओढलेलं होतं. शेजारचं चपलांचं दुकान घड्याळवाल्यांच्या पुतण्याचं. आम्ही आत पाऊल टाकतो न टाकतो तोच खोक्यांच्या मागून आवाज आला, "या, बसा. कितवा नंबर?"

भाचीनं माझा दंड घट्ट धरला. "मावशी, हा त्यांचाच आवाज! घड्याळवाल्यांचाच!"

मागून आला तो चाळिशीचा माणूस, हातात एकच बूट. काका-पुतण्याचा आवाज एका साच्यातला असतो कधी कधी. फोनवर तर ओळखू येणं कठीणच. माझं डोकं भराभर चालू लागलं. घर विकलं जाऊ नये, असं वाटणारा वारसदार आणि काकांचा आवाज. आणखी काय हवं?

"काकांचं घर तुम्हाला मिळेल, असं वाटत होतं का हो तुम्हाला?" मी विचारलं.

"वाटत होतं," तो शांतपणे म्हणाला. "काका म्हणाले, तुला देतो, पण तिथे राहायला ये. मी म्हटलं, दुकान सोडून रोज दोन तास बसमध्ये कोण बसणार? मला नको. तुमचा हेवा नाही वाटत मला. कीव वाटते थोडी." त्यानं बूट खोक्यात ठेवला. "काकांना भेटायचंय? ते आत्ताच दुकान वाढवून गेले."

"म्हणजे खरंच वाढवतायत?" भाची ओरडलीच.

पुतण्यानं तिच्याकडे, मग शटरकडे, मग पुन्हा तिच्याकडे पाहिलं.

"वाढवलं म्हणजे शटर ओढलं हो. आमच्यात 'दुकान बंद केलं' असं कोणी म्हणत नाही, अशुभ वाटतं. रात्री कुलूप लावायचं झालं तरी 'वाढवलं' म्हणायचं. काका तर कोणाला 'बंद' म्हणूच द्यायचे नाहीत. म्हणायचे, घड्याळं बंद पडतात, दुकान वाढवायचं असतं. आज तर शेवटचंच वाढवलं. सकाळभर लोकांची घड्याळं परत करत बसले होते."

मी खोक्यांच्या ढिगावरच टेकले. एकतीस वर्षं दुकानांचे मीटर वाचले, शंभर वेळा हा शब्द कानावरून गेला. आमची आईसुद्धा बांगडी फुटली की 'वाढवली' म्हणायची. पण सकाळी तोच शब्द ऐकून माझ्या डोक्यात दिवा लागला नव्हता, कारण तेव्हा तो दुकानदाराच्या तोंडून आला नव्हता.

"काका कुठे असतील आता?" मी विचारलं. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"समोर, न्हाव्याकडे. घाई काय आहे? सही सोमवारी आहे ना?"

५

घड्याळवाले तोंडाला फेस लावून आरशासमोर बसले होते. आरशातूनच त्यांनी भाचीला ओळखलं आणि अर्धी दाढी तशीच ठेवून उठले.

"तुम्ही इकडे कशा? सोमवारी अकराला ना?"

"सोमवारी कोणी सांगितलं?"

"नोंदणी कार्यालयातून फोन आला की! मी दुकानात पाऊल टाकलं आणि वाजला. साडेदहा झाले असतील. अकराला तर फोनची तारच काढून नेली. फोनवर एक बाई होत्या. आजची वेळ रद्द, मुदत पुढे ढकललीय, सोमवारी अकरा वाजता, आणि पक्षकारांना कळवलेलं आहे, तुम्ही फोन करू नये."

भाची मटकन बाकावर बसली. दोन्ही बाजूंना वेगवेगळं खोटं सांगून कोणीतरी मधल्यामध्ये पाच वाजवणार होतं. ना भांडण, ना आरडाओरडा. पाच वाजले की करार आपसूक मेला असता.

"सकाळी साडेसातला तुम्ही आमच्या घरी फोन केला होतात का?" मी विचारलं.

"केला ना. म्हटलं, आज दुकान वाढवतोय, चारला मोकळा होऊन थेट कार्यालयात पोचतो. कोणी बाईंनीच घेतला. बरं म्हणाल्या."

"आणि साडेदहाच्या बाई... कशा बोलत होत्या?"

घड्याळवाल्यांनी फेस पुसला. "फार छान. एकेक अक्षर सुटं. निरोप दोनदा म्हणून दाखवला. मी म्हटलं, समजलं, तर म्हणाल्या, 'धन्यवाद, लाइन मोकळी करते.' हल्ली इतकं नीट कोण बोलतं?"

भाची तेव्हा पदरानं डोळे पुसत होती. तिनं ते ऐकलं नाही, याबद्दल मी त्या न्हाव्याच्या दुकानातल्या प्रत्येक आरशाचे आभार मानले. आरशात माझा चेहरा दिसत होता आणि तो बघण्यासारखा नव्हता.

पावणेदोन वाजले होते.

"तू यांना घेऊन कार्यालयात जा," मी भाचीला म्हटलं. "नंबर लावून बस." मग न्हाव्याला सांगितलं, "दाढी पूर्ण करून द्या यांची."

"आणि आई? हमालांना तर आपण नको म्हटलं! आता कोण आणणार तिला?"

"मी आणते."

"तू एकटी? मावशी, अडुसष्ट पायऱ्या आहेत!"

"मलाच सांगतेस?" मी म्हटलं आणि निघाले.

६

ताई खिडकीत बसली होती. मी आले तशी तिनं मान वळवली.

"सापडले?"

"सापडले. न्हाव्याकडे."

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

"ताई, तीन माणसांवर माझा संशय होता. पण ज्यानं कोणी खोटं सांगितलं, त्यानं कारण दिलं की दुकान मोठं होतंय. दलालाला ठाऊक होतं, की दुकान विकलंय. शेजारणीला ठाऊक होतं, की म्हातारा लेकीकडे चाललाय. पुतण्या स्वतः रोज रात्री दुकान वाढवतो, म्हणजे बंद करतो. या तिघांतल्या कोणीही खोटं रचलं असतं, तरी हे कारण दिलं नसतं. हे कारण एकाच माणसाला सुचेल. ज्यानं घड्याळवाल्यांच्या तोंडून 'दुकान वाढवतोय' हे ऐकलं, आणि ज्याच्या लेखी वाढवणं म्हणजे लांबवणं, मोठं करणं." मी थांबले. "तीन मिनिटं झाली. वाढवू?"

ताईचा हात फोनवर होता. तो तिनं काढून घेतला.

"मग साडेदहाला आम्ही दोघी तिकडे मीटर वाचत होतो, तेव्हा एका बाईंनी दुकानावर फोन केला. निरोप दोनदा सांगितला आणि लाइन मोकळी केली. आणि सकाळी घर गेलं म्हणून पोरगी रडत होती, तेव्हा तू तिला सगळ्यात आधी काय सांगितलंस? हमालांना नको म्हण."

"तिनं विचारलं, कोणाचा फोन," ताई हळू आवाजात म्हणाली. "रिसीव्हर हातातच होता. तोंडातून निघून गेलं. मग मागे कसं घेणार?"

मला संताप आला. तो लपवायचं मला कारणही नव्हतं. "पोरगी सहा महिने वणवण हिंडली, ताई! तुझ्यासाठी! आणि तू बसल्या जागेवरून तिचं घर घालवायला निघालीस? सोमवारी काय सांगणार होतीस?"

"सोमवारचं सोमवारी," ती म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "मला वर आणलं, तेव्हा तू नव्हतीस. चौघांनी खुर्चीला बांधून आणलं. प्रत्येक मजल्यावर दारं उघडी. तिसऱ्यावर ते दमले, म्हणून मला भिंतीला टेकवून ठेवलं आणि बसले गप्पा मारत. एक बाई दारात आली. माझ्याकडे बघितलं नाही तिनं. हमालाला विचारलं, 'हे कितव्या मजल्याचं?'" ताईच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मी बत्तीस वर्षं अख्ख्या देशाला बोलतं केलं गं. आणि मी 'हे' झाले. आज पुन्हा तसंच उतरवणार होतात मला. मी फोन ठेवला आणि मला फक्त तीन वाजलेले दिसत होते."

माझा राग जागच्या जागी बसला. आम्ही घराचं फाटक बघितलं, अंगण बघितलं, नळ सोडून बघितले. ताई तिथवर कशी जाणार, हे आम्ही परस्पर ठरवलं. कपाट हलवताना ठरवतात तसं.

"तुला कसं उतरायचंय?" मी विचारलं.

दोन वर्षांत हे तिला कोणी विचारलं नव्हतं, हे तिच्या तोंडाकडे बघूनच कळलं. तिनं दाराकडे बघितलं.

"बसून," ती म्हणाली. "लहानपणी उतरायचो तसं, एकेक पायरी. कोणी हात लावायचा नाही."

"अडुसष्ट आहेत."

"मग बसलीस काय? ऊठ!"

७

तीनला पाच कमी असताना माझी बहीण चौथ्या मजल्याच्या वरच्या पायरीवर बसली. हात मागे टेकायचे, चांगला पाय खाली, मग दुसरा, मग बाकीची ताई. मी दोन पायऱ्या खाली, एका हातात वॉकर, दुसऱ्या हातात कागदांची पिशवी.

"एक," मी म्हटलं.

पहिल्या सतरांना पंचवीस मिनिटं लागली. मी घड्याळाकडे बघितलं नाही, म्हणजे तिला दिसेल असं बघितलं नाही. तिसऱ्या मजल्यावर दारं उघडू लागली. इमारतीला बातमी लागायला किती वेळ लागतो! कोणी "अगंबाई" म्हणालं, कोणी "उचलू का?" म्हणून पुढे आलं. जिन्यात गर्दी झाली. आणि त्याच त्या दारातल्या बाई कठड्याशी येऊन मला विचारू लागल्या, "अहो, यांना कुठे नेताय?"

ताईनं मान वर केली. तिच्या कपाळावर घाम होता, साडीला अजून तीन मजल्यांची धूळ लागायची होती, आणि तोंडातून निघाला तो एक्स्चेंजमधला आवाज.

"मला विचारा. मी घर घ्यायला चाललेय. लाइन मोकळी करा!"

जिना असा रिकामा झाला, की मला हसू आवरेना. त्या बाई दाराआड गेल्या, पण दार लावलं नाही. थोड्या वेळानं त्यांनीच पाण्याचा ग्लास आणून ताईशेजारी ठेवला आणि खाली मान घालून म्हणाल्या, "सावकाश उतरा, ताई."

चौतिसाव्या पायरीवर ताई थांबली. तिनं कठड्याला डोकं टेकलं. सरळ सांगते, त्या क्षणी मला वाटलं की झालं, इथवरच.

"तीन मिनिटं झाली," मी म्हटलं. "वाढवू?"

तिनं डोळे मिटले, श्वास घेतला. "वाढव," ती म्हणाली.

खालचे दोन मजले ती वरच्या दोनांपेक्षा लवकर उतरली. कारण विचाराल तर मला ठाऊक नाही. दोन्ही बाजूंना माणसं उभी होती, कोणी हात लावत नव्हतं आणि माझ्याबरोबर सगळे मोजत होते. पासष्ट. सहासष्ट. सदुसष्ट. मी वॉकर उघडून धरला. ताई त्याला धरून उभी राहिली आणि तिनं दोन्ही पाय फरशीच्या पलीकडे ठेवले.

"अडुसष्ट!" मी ओरडले.

"सदुसष्ट," ताई म्हणाली. "शेवटची पायरी नाहीये. रस्ता आहे."

एकतीस वर्षांत माझं वाचन चुकलं, असं कोणाला सिद्ध करता आलं नव्हतं. तिनं केलं, आणि मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

८

पाचला अठरा मिनिटं कमी असताना टॅक्सी कार्यालयासमोर थांबली. भाची दारात येरझाऱ्या घालत होती. वॉकर टेकत येणारी आई दिसली आणि ती आहे तिथेच थबकली.

"आई! कोणी आणलं तुला?"

"मी आले," ताई म्हणाली. "बसून उतरले. थांब, मिठी मारायच्या आधी ऐक. सकाळी घड्याळवाले नाही म्हणालेच नव्हते. ते खोटं मी बोलले. आणि सोमवारचा फोनही मीच केला. मला हमालांच्या हातून उतरायचं नव्हतं आणि तुला ते सांगायची लाज वाटली. आता तुला काय बोलायचं ते बोल. पण सह्या झाल्यावर. अठरा मिनिटं राहिलीत."

भाचीचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला. मला वाटलं, आता फाइल भिरकावणार.

"सगळ्या पायऱ्या?" तिनं शेवटी विचारलं. "अडुसष्टच्या अडुसष्ट?"

"सदुसष्ट," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

आणि भाची हसू लागली, हसता हसता रडू लागली, आणि तसंच रडत रडत आईला खांद्यापाशी धरून आत घेऊन गेली. "भांडण राहिलंय आपलं," ती म्हणत होती. "नव्या घरात भांडणार आहे मी. चांगली तासभर."

पाचला आठ मिनिटं कमी असताना तिसरी सही झाली. शिक्का बसला तो आवाज मला मीटरच्या सीलसारखा गोड लागला. गुळगुळीत दाढी केलेले घड्याळवाले ताईकडे वाकून बघत होते.

"बाई, तुमचा आवाज कुठेतरी ऐकलाय."

"फोनवर," ताई म्हणाली. "चुकले मी. माफ करा."

"माफ कसलं? उलट हल्ली इतकं नीट बोलणारं कोणी भेटत नाही," ते म्हणाले आणि त्यांनी घराची चावी तिच्या हातात दिली. भाचीच्या नाही, तिच्या.

सहाला आम्ही उपनगरात पोचलो. ऊन अजून होतं. मी पेटी उघडून मेन स्विच वर केला आणि चाक फिरू लागलेलं बघितलं. भाची घरभर खिडक्या उघडत सुटली. शेजारीणबाई कुंपणावरून कात्री दाखवून म्हणाल्या, फांद्या माझ्याकडे आल्या तर मी कापणार, आधीच सांगून ठेवते. भांडायला चांगल्या निघणार, माझी खात्री पटली.

आणि मग भाची बाहेर धावत आली. "मावशी, आई कुठेय?"

आत नव्हती. अंगणात नव्हती. फाटक उघडं होतं.

आम्ही एकमेकींकडे बघितलं. दोन वर्षं ताई कुठे आहे, हे कोणाला शोधावं लागलं नव्हतं, कारण ती असायची ती त्याच खुर्चीत. आज ती हरवली होती. भाची घाबरून डावीकडे पळाली, मी वॉकरच्या धुळीतल्या खुणा बघत उजवीकडे गेले.

गल्लीच्या टोकाला, बसस्टॉपच्या फळीसमोर ती उभी होती, वेळापत्रक वाचत. साडी धुळीनं माखलेली, मान ताठ. माझी चाहूल लागली, तरी तिनं मागे बघितलं नाही.

"शहरात जायला सव्वानऊची एक बस आहे," ती म्हणाली. "सोमवारी जाऊन येईन म्हणते. एक्स्चेंजमधल्या दोघीतिघी आहेत अजून." मग वळून हसली. "शोधायला आलीस होय? आता मिटलं ना तुझं प्रकरण?"

"मिटलं म्हणू नये, ताई," मी म्हटलं. "वाढवलं म्हणावं."